दिवा बदलायचा तर पुन्हा रेंडर की कॉम्पमध्ये (रेंडर झालेल्या चित्रांची नंतरची जुळणी)?

ब्लेंडर या 3डी सॉफ्टवेअरच्या सायकल्स रेंडररमध्ये 10 सेकंदांचा शॉट म्हणजे 24 च्या हिशोबाने 240 फ्रेम. फ्रेमला 4 मिनिटं धरली तर 16 तास. गाइड म्हणाले, 'रिम लाइट (मागून कडा उजळणारा दिवा) जरा कमी कर', की सगळे दिवे एकाच चित्रात रेंडर केलेल्याचे पुन्हा 16 तास गेले.

लाइट ग्रुप (दिव्यांचे गट, ब्लेंडर 3.2 पासून आहेत) केले असतील तर 'की' (मुख्य दिवा), 'फिल' (सावल्या उजळणारा) आणि 'रिम' यांचा उजेड वेगळा मिळतो, कॉम्पमध्ये रिमला 0.6 ने गुणलं, काम झालं. रंगही बदलतो. पण दिव्याची जागा किंवा सावलीची धार बदलत नाही, तिथे रेंडरच.

घोटाळा बहुधा हे वेगळे उजेड परत एकत्र करण्याच्या बेरजेत होतो. वर्ल्ड (पार्श्वभूमीचा उजेड) किंवा एखादी चमकणारी वस्तू ग्रुपमध्ये घालायची राहिली, की बेरीज मूळ चित्रापेक्षा काळपट येते. बेरजेसाठी मिक्स नोड (कॉम्पमधला एक काम करणारा चौकोन) 'ॲड' वर, फॅक्टर 1, क्लॅम्प (1 च्या वरचं कापणं) बंद. ग्रुपचे पास (वेगळे साठवलेले थर) डीनॉइझ, म्हणजे दाणे काढून, येत नाहीत. प्रत्येकाला डीनॉइझ नोड लावा, अल्बीडो-नॉर्मल (वस्तूचा रंग आणि पृष्ठभागाची दिशा सांगणारे पास) यांच्यासकट. सेव्ह मल्टिलेयर ईएक्सआरमध्येच (सगळे थर एकत्र ठेवणारी फाइल). 8 बिट पीएनजीत 1 च्या वरचा उजेड कापला जातो.

दोनचार सेकंदांचा, एकाच दिव्याचा शॉट असेल तर मात्र सरळ रेंडर करा. एवढ्यासाठी नोडचं जाळं कशाला?