नॉट इन की नॉट एक्झिस्ट्स?

एसक्यूएलमध्ये (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) एकही ऑर्डर न दिलेले ग्राहक शोधायचे म्हटलं की हात आपसूक 'नॉट इन'कडे, म्हणजे 'या यादीत नसलेले' या अटीकडे, वळतो. वाचायला सोपं, लिहायला छोटं. पण ऑर्डरच्या टेबलात ग्राहक क्रमांकाच्या रकान्यात 3, 5 आणि एक नल (रिकामी, माहीत नसलेली नोंद) असेल तर? ग्राहक 7 घ्या. 7 म्हणजे 3 नाही, 5 नाही. नलपेक्षा वेगळा आहे का? एसक्यूएलचं उत्तर खरं नाही, खोटंही नाही, अज्ञात. आणि व्हेअर, म्हणजे ओळी गाळणारा भाग, फक्त खऱ्या ठरलेल्या ओळीच पुढे सोडतो. परिणाम: शून्य ओळी, तेही एररशिवाय. मी यात अख्खी दुपार घालवली आहे, जॉइनवर (टेबलं जोडणाऱ्या भागावर) संशय घेत.

'नॉट एक्झिस्ट्स' वेगळं विचारतं: या ग्राहकाशी जुळणारी एक तरी ओळ आहे का? नसेल तर ग्राहक यादीत. नलची ओळ कुणाशीच जुळत नाही, त्यामुळे 7 बिनबोभाट यादीत येतो. लिहायला दोन ओळी जास्त, आतल्या क्वेरीत बाहेरच्या टेबलाचा उल्लेख; नवख्याला जरा बिचकवतं. पोस्टग्रेस (एक डेटाबेस) याचा सरळ अँटी जॉइन (जोडी न सापडलेल्या ओळीच ठेवणारा जॉइन) करू शकतं, हा वरचा फायदा.

'नॉट इन' मी हाताने लिहिलेल्या ठरावीक यादीपुरतं ठेवतो. सबक्वेरी, म्हणजे आतली क्वेरी, आली की 'नॉट एक्झिस्ट्स'च, रकाना आज नॉट नल (नल न स्वीकारणारा) असला तरी.