तिकिटाचा फोटो म्हणजे तिकीट नव्हे

जून 2022. आईबाबा साताऱ्याहून आमच्याकडे डॅलसला आले होते आणि शुक्रवारी त्यांचं परतीचं विमान होतं. जन्मभर क्रिकेट पाहिलेल्या बाबांना जायच्या आधी एकदा बेसबॉल बघायचा होता. डॅलसजवळच्या आर्लिंग्टनचं ग्लोब लाइफ फील्ड हे बेसबॉलचं स्टेडियम 2020 मध्ये उघडलेलं. छप्पर बंद करता येतं, आत एसी, त्यामुळे टेक्ससच्या उन्हाळ्यातही म्हाताऱ्या माणसांना त्रास नाही. 15 जूनचा बुधवार ठरला, इथला संघ रेंजर्स विरुद्ध ह्यूस्टनचा ॲस्ट्रोज.

तिकिटं मी एका ग्रुपवरून घेतली. "ताई, ऑफिसचं काम निघालं, चार तिकिटं वाया जातायत," असा मेसेज होता. समोरचा मराठीत बोलतोय म्हटल्यावर मी निर्धास्त झाले. 180 डॉलर बँकेतून थेट त्याच्या खात्यात टाकले. त्याने चार बारकोडचे फोटो पाठवले. मी म्हटलं, ॲपवरून माझ्या नावावर ट्रान्सफर करा. तर म्हणे ॲप अडकलंय, फोटो दाखवला तरी सोडतात. तिथेच व्यवहार मोडायला हवा होता.

गेटवर पहिलाच बारकोड लाल झाला. ही तिकिटं आधीच वापरली गेलीत, असं तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं. तोच फोटो त्याने किती जणांना विकला असेल कोण जाणे. जो आधी पोचला तो आत गेला. बाबा नवी निळी टोपी घालून उन्हात उभे, टोपीचं लेबलही अजून काढलेलं नव्हतं. "जाऊ दे, घरी टीव्हीवर बघू," म्हणाले. मला रडू आलं.

खिडकीवर पुन्हा चार तिकिटं काढून आत जाईपर्यंत नऊपैकी दुसरी इनिंग होऊन गेली होती. त्याच इनिंगमध्ये ॲस्ट्रोजच्या लुइस गार्सियाने नऊ चेंडूंत तीन फलंदाज बाद केले होते, म्हणजे प्रत्येकी तीन स्ट्राइक, एकही चेंडू वाया नाही. सातव्या इनिंगमध्ये फिल मेटनने त्याच तिघांना पुन्हा नऊ चेंडूंत काढलं. मेजर लीगमध्ये, म्हणजे एमएलबी या अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगमध्ये, एकाच सामन्यात असं दोनदा कधीच झालं नव्हतं. बाबांना त्यातलं अर्धंच बघायला मिळालं.

बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, परत मिळणार नाहीत. प्रोफाइल त्याच रात्री गायब.

तिकीट दुसऱ्याकडून घेणार असाल तर ते एमएलबीच्या बॉलपार्क ॲपमध्ये तुमच्या खात्यात आलेलं आधी डोळ्यांनी बघा. ट्रान्सफर स्वीकारलं की विकणाऱ्याकडचा बारकोड चालत नाही. पैसे त्यानंतरच द्या, तेही क्रेडिट कार्डने, म्हणजे निदान तक्रार करून परत मागता येतात.