ट्यूमर निदानाची पुण्यातली कार्यशाळा: साताऱ्याहून येऊन काय मिळालं

साताऱ्यात माझी लॅब आहे. बायोप्सीच्या स्लाईड्स बघणारी मी एकटीच. अवघड केस आली की "जरा बघ गं, तुला काय वाटतं?" असं विचारायला शेजारी कुणी नसतं. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीच्या नूतनीकरणाला पाच वर्षांत अशा कार्यक्रमांचे ३० गुण लागतात, पण नुसत्या गुणांसाठी कुणी पहाटेची विनाथांबा एसटी धरत नाही. मी धरते ती त्या शेजारच्या खुर्चीसाठी.

या वेळची कार्यशाळा शिवाजीनगरला होती, शनिवार-रविवार, फी ३,५०० रुपये. स्वारगेटला उतरून मेट्रोत बसलं की थेट शिवाजीनगर, त्यामुळे पोचायचा त्रास आता उरलेला नाही.

एकूण १२ केसेस होत्या. पद्धत अशी की आधी स्लाईड बघायची, स्वतःचं निदान कागदावर लिहून द्यायचं आणि मगच चर्चा. एवढ्या एका नियमासाठी मी या कार्यशाळेला पूर्ण मार्क देईन.

चौथी केस सांगते. नऊ वर्षांचा मुलगा, दंडाच्या हाडात गाठ. स्लाईडवर लहान, गोल, निळ्या पेशींचा नुसता सडा. पेशींची ओळख पटवणाऱ्या रंगचाचण्यांत सीडी९९ ठळक पॉझिटिव्ह, एलसीए (पांढऱ्या पेशींची खूण) निगेटिव्ह. मी "युइंग सार्कोमा", म्हणजे हाडाचा एक कर्करोग, लिहिलं आणि कागद दिला. शिकवणाऱ्या सरांनी कागद चाळले आणि मला विचारलं, "मॅडम, टीडीटी मागवलं असतंत का?" टीडीटी ही कोवळ्या लिम्फ पेशींची खूण. मी मागवलं नसतं. निदान होतं लिम्फोब्लास्टिक लिम्फोमा, म्हणजे त्याच कोवळ्या पेशींचा कर्करोग. त्यातही सीडी९९ पॉझिटिव्ह येतो, युइंगची दुसरी खूण एफएलआय१ सुद्धा येऊ शकते, आणि एलसीए निगेटिव्ह आला म्हणून लिम्फोमा बाद करता येत नाही. युइंग म्हटलं की केमोच्या जोडीला शस्त्रक्रिया नाहीतर रेडिएशन. लिम्फोब्लास्टिकला ल्युकेमियासारखी, दोन वर्षांच्या वर चालणारी औषधं. म्हणजे माझ्या एका शब्दावर त्या पोराच्या हाताचं काय होणार ते ठरलं असतं. जेवणाच्या सुट्टीत माझ्या डोक्यात तेवढंच घोळत होतं.

हीच केस मी व्याख्यानात ऐकली असती, तर "हो, माहितीये" म्हणून पुढचं पान उलटलं असतं. स्वतःच्या अक्षरात चुकीचं उत्तर लिहिलेलं असलं की ते विसरता येत नाही. आता हाडातली कुठलीही गोल पेशींची गाठ आली की टीडीटी आणि पॅक्स५ (बी-लिम्फ पेशींची खूण) पहिल्याच यादीत जाणार.

दुपारी दहा जणांना एकदम बघता येणाऱ्या मायक्रोस्कोपवर गटागटानं बसवलं. सर लो पॉवरवर बराच वेळ थांबायचे. "आधी गाव बघा, मग घरं," असं म्हणत पेशींपेक्षा गाठीची कड बघायला लावायचे. आजूबाजूच्या ऊतीत ती घुसतेय की नुसती ढकलतेय, हे आधी. पडद्यावर नेमका निवडून दाखवलेला फोटो हे शिकवत नाही, कारण फोटो काढणाऱ्यानं बघण्याचं काम आधीच करून टाकलेलं असतं.

सगळ्यात उपयोगी तास मात्र ट्यूमरचा नव्हताच, फॉर्मलीनचा, म्हणजे गाठ सडू नये म्हणून ज्यात ठेवतात त्या द्रावाचा होता. स्तनाची गाठ काढल्यापासून तासाभरात १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलीनमध्ये जायला हवी, तीही काप देऊन, आणि तिथे ६ ते ७२ तास राहायला हवी. पुस्तकात हे सगळ्यांनीच वाचलेलं असतं. पण माझ्याकडे शनिवारी काढलेला अख्खा स्तन सोमवारी सकाळी बरणीत कोंबून येतो, वरून टणक आणि आतून मऊ पडलेला. त्यावर मी ईआर आणि हर-२ (उपचार ठरवणाऱ्या दोन रंगचाचण्या) काय करणार? पूर्वी हर-२ चा रंग शून्य आला काय आणि १+ (अगदी फिका) आला काय, दोन्ही निगेटिव्हच. २०२२ पासून ट्रास्टुझुमॅब डेरक्सटेकन हे औषध पसरलेल्या आजारात १+ आलेल्या रुग्णांनाही उपयोगी पडतं हे दिसलं. तेव्हापासून शून्य आणि १+ यांच्यातल्या त्या फिक्या रेषेला एका बाईच्या उपचाराचं मोल आलंय, आणि ती रेषा बरणीतच पुसली जाऊ शकते. बोलणाऱ्या डॉक्टरीणबाईंचा आवाज इथे चढला होता, आणि तो चढायलाच हवा होता.

आता तक्रारी. रविवारची सकाळ मेंदूच्या ट्यूमरवरच्या व्याख्यानात गेली आणि ते इतकं लांबलं की मायक्रोस्कोपचा दुसरा तास अर्ध्यावर आला. २०२१ च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणात ग्लायोब्लास्टोमा (मेंदूचा एक आक्रमक कर्करोग) म्हणायला आयडीएच जनुकात बदल नसणं आवश्यक झालं, हे सगळं बरोबर. पण टर्ट आणि इजीएफआर या जनुकांच्या तपासण्या ज्यांच्या हाताशी नाहीत त्यांनी रिपोर्ट कसा लिहायचा, यावर अवाक्षर नाही. सभागृहात बसलेल्या निम्म्या लोकांचा प्रश्न तोच होता. शेवटी चहाच्या वेळी एका तरुण प्राध्यापकानं समजावलं: तपासणी झालेलीच नाही तर एनओएस (अधिक तपशील नाही) लिहा, झाली आणि तरी कुठल्याच चौकटीत बसत नाही तर एनईसी (इतरत्र वर्गीकरण नाही). एनओएस लिहिण्यात कमीपणा नाही, पुढच्या डॉक्टरला काय बाकी आहे ते त्यातून कळतं. ही पाच मिनिटं व्यासपीठावर हवी होती. एफएनएसीची, म्हणजे सुईनं पेशी ओढून केलेल्या तपासणीची, तर एकही केस नव्हती, आणि तालुक्याच्या गावी गाठीचं पहिलं निदान सुईनंच होतं.

जेवण छान होतं, अळूची भाजी विशेष.

स्वतःची अडलेली केस आणायची मुभा होती, हे मला आयत्या वेळी कळलं. तुम्ही जाणार असाल तर स्लाईड आणि ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) दोन्ही बरोबर घ्या.

परतल्यावर मी बरण्यांना बांधायला एक चिठ्ठी छापून घेतली. मराठीत, ठळक अक्षरात दोनच ओळी: गाठ काढल्याची वेळ, फॉर्मलीनमध्ये टाकल्याची वेळ. तीन ऑपरेशन थिएटरांत गठ्ठे स्वतः नेऊन दिले, तिथल्या सिस्टरना काप कसे द्यायचे ते दाखवलं. गेल्या गुरुवारी पहिली भरलेली चिठ्ठी आली. ११.२० आणि ११.४५.