समर कॅम्प: ॲडव्हेंचरवाला की निसर्ग शिबिर? ठाण्यातल्या आईबाबांसाठी

निवासी शिबिराला पाठवायचं हे घरी ठरलंय पण कुठल्या प्रकारच्या हे ठरत नाहीये, अशांसाठी लिहितोय. माझ्या लेकीने दोन्ही केलेत, आधी कर्जतकडचा एक ॲडव्हेंचर कॅम्प आणि पुढच्या वर्षी शहापूरच्या बाजूला एक निसर्ग शिबिर, तेव्हा ती पाचवी-सहावीत होती. नावं देत नाही कारण दरवर्षी तिथले शिकवणारे ताई-दादा बदलतात आणि सगळी मदार त्यांच्यावरच असते.

घराबाहेर राहण्याचा जो फायदा तो दोन्हीकडे मिळतो. स्वतःचं ताट धुणं, नावडती भाजी पानात पडली तरी संपवणं, अनोळखी मुलींबरोबर खोली वाटून घेणं, रात्री आईची आठवण आली तर शेजारच्या गादीवरचीशी बोलत बोलत झोपणं. आमच्याकडे सकाळी उठल्यावर चादरीची घडी अजून घातली जाते, ती सवय कॅम्पमधूनच आली. ह्या बाबतीत मला तरी डावं-उजवं करता येत नाही.

सोयींमध्ये ॲडव्हेंचर कॅम्प पुढे. तीन हात नाक्यावरून बस, बरोबर ताई, बाथरूम स्वच्छ, जेवण मुलांच्या आवडीचं, रोज रात्री ग्रुपवर फोटो. पहिल्यांदाच मूल एकटं राहणार असेल तर ह्या गोष्टी छोट्या नाहीत, माझी बायको पहिल्या रात्री त्या फोटोंमुळेच झोपली. आणि उंचीची भीती खरंच कमी होते हो, आमची बाल्कनीच्या कठड्याजवळ जायची नाही ती रॅपलिंग (दोरीला धरून कड्यावरून खाली उतरणं) करून आली. एक मात्र नक्की बघा, २०२१ च्या राज्याच्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे असे उपक्रम घेणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. ती आहे का हे सरळ विचारा, ज्यांच्याकडे असते ते आनंदाने कागद दाखवतात.

आता ज्याने माझं मत फिरलं ते सांगतो. रांग. शेवटच्या दिवशी पालकांना बघायला बोलावलं होतं म्हणून हे मी स्वतः पाहिलंय. झिपलाइन एक, हार्नेसचे (अंगाला बांधायच्या पट्ट्यांचे) सेट मोजके आणि पोरं चाळीस-पन्नास, म्हणजे एक मूल वर चढणार, दादा त्याचे हुक दोनदा तपासणार (आणि ते त्याने करायलाच हवं, त्यात घाई नकोच), मग ते पाचदहा सेकंदात सर्रकन पलीकडे जाणार, हार्नेस उतरवून परत इकडे येणार, तोपर्यंत बाकीची सगळी उन्हात उभी. हेल्मेट आधीच्याच्या घामाने ओलं, तेच पुढच्याच्या डोक्यावर. रॅपलिंगला तेच, बर्मा ब्रिजला, म्हणजे दोरांच्या पुलाला, तेच. नंतर लेकीला विचारलं तर म्हणाली सकाळभर लाईनमध्येच असायचो बाबा. एवढे पैसे भरून, एवढ्या लांब झाडाझुडपात पाठवून मुलीने दिवसाचा मोठा भाग पुढच्या मुलाच्या पाठीकडे बघत काढला हे मला फार लागलं.

त्यातही एक गोष्ट अशी की त्या रांगेशेजारी आंब्याचं झाड होतं आणि त्यावर लाल मुंग्यांनी पानं जोडून केलेलं घरटं. तीनचार मुली ते बघायला वाकल्या, तर लगेच शिट्टी आणि 'लाईन तोडू नका'. दादाची चूक नाही म्हणणार मी, पन्नास पोरं सांभाळायची म्हणजे त्याला दुसरा इलाजच नव्हता, पण त्या कॅम्पची रचनाच तशी होती.

पुढच्या वर्षी शहापूरला बरोबर तसंच घरटं भेटलं आणि तिथल्या ताईने अख्खा गट त्याच्याभोवती बसवला. मोठ्या मुंग्या पानांच्या कडा ओढून जवळ धरतात, आणि दुसऱ्या काही मुंग्या आपल्याच अळ्या तोंडात धरून मागावरच्या धोट्यासारख्या इकडून तिकडे फिरवतात, अळीच्या तोंडातून रेशमासारखा धागा निघतो त्याने पानं शिवली जातात. हे लेकीने घरी येऊन आम्हाला दोन कागद आणि केसांची क्लिप घेऊन करून दाखवलं. झिपलाइनबद्दल 'मस्त होती' ह्यापलीकडे आम्हाला काही ऐकायला मिळालं नव्हतं.

निसर्ग शिबिरात रांग लागतच नाही कारण बघायची गोष्ट सगळ्यांना एकाच वेळी दिसते. पहाटे साडेपाचला उठून पक्षी, ऊन चढेपर्यंत भटकंती, करवंदं खायची, झाडांची सालं हात लावून ओळखायची, रात्री गच्चीवर तारे. गट दहा-बाराचा होता. मला वाटतं खरा फायदा इथे आहे, मुलाला एका जागी थांबून बघायला मिळतं आणि मोठं माणूस शेजारी बसून त्याच्या प्रश्नांची उत्तरं देतं. घरी आपल्याला तेवढा वेळ कुठे असतो.

तक्रारी आहेतच. दुपारी बारा ते चार मे महिन्यात बाहेर पडता येत नाही, तो वेळ कंटाळवाणा जातो, लाईट गेली की पंखाही नाही. डास भरपूर. संडास साधे. फोटो नाहीत, फोन नाहीत, रात्री फक्त 'सगळे ठीक' एवढा मेसेज, त्यावर आमच्या घरी बरीच कुरकुर झाली. आणि ज्या मुलाला सतत पळायला लागतं ते तिथे वैतागेल, हे मान्य.

शिवाय नुसतं 'पर्यावरण' नाव लावलेली शिबिरंही निघालीत, तिथे दिवसभर कागदी पिशव्या आणि प्लॅस्टिकवर भाषणं. माझी एक साधी खूण आहे. पत्रकात मे महिन्यात वृक्षारोपण लिहिलेलं असेल तर मी पुढे वाचत नाही. आपल्याकडे रोपं लावायची ती पाऊस पडल्यावर, वनमहोत्सवसुद्धा जुलैत असतो, मेच्या उन्हात लावलेलं रोप शिबिर संपल्यावर पाणी कोण घालणार. ज्यांना एवढं कळत नाही ते मुलांना जंगल काय दाखवणार.

घरी आल्यानंतरचा फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आपण ठाणेकर येऊर आणि खाडीच्या मध्ये राहतो, येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग, आणि खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य, २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली. हे शहापूरच्या शिबिरातल्या दादाने विचारलं तर ठाण्याच्या एकाही मुलाला माहीत नव्हतं. परत आल्यावर पुढच्या हिवाळ्यात लेकीनेच मागे लागून आम्हाला ऐरोलीला नेलं फ्लेमिंगो बघायला. आणि एकदा मेमध्ये पावसाळ्याआधीची छाटणी चालली होती तेव्हा तिने खालून हाका मारून कामगारांना थांबवलं, सोसायटीतल्या गुलमोहराच्या वाळक्या फांदीत तांबट पक्ष्याचं घरट्याचं भोक होतं, आई चोच भरून येत होती. सेक्रेटरीकाका खाली आले, त्यांनी स्वतः बघितलं आणि ती फांदी कोणाच्या डोक्यावर पडण्यासारखी नव्हती म्हणून पिल्लं उडेपर्यंत ठेवायला लावली. तो टुक-टुक आवाज आम्ही वर्षानुवर्षं ऐकत होतो, कोणाचा ते तिने सांगितलं.

तरी सरसकट सांगणार नाही. मूल आठवी-नववीचं असेल, अंगात रग असेल, मित्र बरोबर जाणार असतील तर ॲडव्हेंचर कॅम्प त्याला जास्त आवडेल कदाचित, फक्त बुक करताना एकच विचारा, एक मूल दोरीवर असताना बाकीची काय करतात. 'बघतात' असं उत्तर आलं तर दुसरा कॅम्प शोधा, 'दुसरा गट पोहायला, तिसरा स्वयंपाकाला' असं काही आलं तर पाठवायला हरकत नाही. पाचवी ते सातवीच्या मुलांना मात्र मी निसर्ग शिबिरालाच पाठवेन, धाकट्याचं ह्या वर्षी तेच ठरवतोय. आणि जमलं तर मेचा शेवटचा आठवडा घ्या, स्टेट बोर्डवाल्यांची शाळा १५ जूनच्या आसपास उघडते त्यामुळे अडचण येत नाही, जांभळं पिकलेली असतात आणि सह्याद्रीत काजवे चमकायला लागतात. शिबिरवाले काजवे दाखवायला टॉर्च आणि गाड्यांचे लाईट बंद ठेवून नेतात ना, तेवढं विचारून घ्या, उजेडात काजव्यांना एकमेकांचे इशारे दिसत नाहीत.