हातटोकण यंत्र: दोन-तीन एकरवाल्यांनी घ्यावं का?

घ्यावं. हे हाताने ढकलायचं यंत्र; चाकावरच्या चोची जमिनीत रुतून ठरावीक अंतरावर दाणे टाकतात, हीच टोकणी. सोयाबीन ट्रॅक्टरने पेरलं तर एकरी 30 किलो बियाणं जातं. टोकणीत साधारण निम्म्यात भागतं. शेतीत नव्याने उतरलेल्या पोरांना हंगामात भाड्याने चालवायलाही बरं, फक्त आधी रोलर, म्हणजे दाणे मोजून चोचीत सोडणारा खाचांचा रूळ, समजून घ्या. दाण्याच्या आकाराप्रमाणे रोलर बदलतो. सोयाबीनला दर चोचीतून दोनच दाणे पडायला हवेत, म्हणून रानात नेण्याआधी अंगणात दहा पावलं ढकलून दाणे मोजा.

खरी डोकेदुखी काळ्या रानात. वाफसा (माती ओलसर, पण चिकटत नाही अशी स्थिती) नसताना यंत्र घातलं की चोचीत चिखल बसतो, झडप उघडत नाही आणि मागे निम्मी ओळ मोकळी राहते. चोच मोकळी करायला खिशात खिळा ठेवाच. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन वाफसा आला की टोकणी करा. खोली 3-4 सेंटिमीटर. त्याखाली गेलं की उगवण मार खाते. जिवाणू खत चोळलेलं बियाणं सावलीत पुरतं सुकवा, नाहीतर दाणे रोलरला चिकटतात.

माती झाकायचं मागचं चाक मात्र हलकं. ढेकळं असली की बी उघडं पडतं, पाखरांची चंगळ! खताच्या पेटीसाठी जादा पैसे मोजू नका; दमट हवेत खताचे गोळे होतात.