ग्रीसची ओव्हरप्रिंट तिकिटे : अस्सल कागदावरील बनावट अक्षरे

ग्रीसच्या जुन्या ओव्हरप्रिंट टपाल तिकिटांचा, म्हणजे तयार तिकिटांवर नंतर नवी अक्षरे किंवा किंमत छापलेल्या तिकिटांचा, एक लहानसा लॉट मी गेल्या वर्षी एका आंतरराष्ट्रीय लिलाव-संकेतस्थळावरून सुमारे ४२,००० रुपयांना घेतला. त्यातील आठही तिकिटे अस्सल होती आणि आठांवरील ओव्हरप्रिंट बनावट होते. विक्रेत्याचे नाव येथे देत नाही, कारण तो खात्याचे नाव बदलत राहतो आणि नाव लक्षात ठेवून उपयोग नाही. त्याची पद्धत मात्र बदललेली नाही, म्हणून ती सविस्तर लिहीत आहे.

अशा फसवणुकीला ग्रीस फार सोयीचा देश आहे. १९०० साली तेथे नव्या तिकिटांचा तुटवडा असताना हर्मिस या ग्रीक देवाचे मुख असलेल्या जुन्या तिकिटांवर नव्या किमती छापल्या गेल्या. १९१२ च्या पहिल्या बाल्कन युद्धात ग्रीक सैन्याने मॅसिडोनियाचा काही भाग आणि एजियन समुद्रातील बेटे घेतली, तेव्हा चालू तिकिटांवर ‘एलिनिकी दिइकिसिस’, म्हणजे ग्रीक प्रशासन, अशी अक्षरे छापून ती नव्या प्रदेशांत वापरात आणली. लेम्नोस बेटासाठी ‘लिम्नोस’ असे स्वतंत्र ओव्हरप्रिंट निघाले. पुढे आशिया मायनरमधील पराभवानंतर सप्टेंबर १९२२ मध्ये सैन्याने आणि नौदलाने उठाव केला, राजा कॉन्स्टंटाइनला पायउतार व्हावे लागले, आणि १९२३ मध्ये क्रीटच्या शिल्लक तिकिटांसह हाती असलेल्या जुन्या साठ्यावर ‘एपानास्तासिस १९२२’, म्हणजे १९२२ ची क्रांती, असे शब्द आणि नवी किंमत छापण्यात आली. हे सगळे घाईत झालेले काम असल्यामुळे उलटी, दुहेरी, सरकलेली अक्षरे असलेली तिकिटे खरोखरच अस्तित्वात आहेत, आणि कॅटलॉगमध्ये त्यांचे भाव साध्या तिकिटाच्या कित्येक पट आहेत. ज्या तिकिटांवर हे छापायचे ती मात्र आजही मूठभराने मिळतात. चार रुपयांच्या तिकिटावर एक शब्द उमटवला की त्याचे चार हजार होतात. त्यासाठी तिकीट घडवण्याची गरजच पडत नाही.

माझ्या लॉटमध्ये लाल ‘लिम्नोस’ असलेली पाच वापरलेली तिकिटे होती, त्यांपैकी एक उलट्या आणि सरकलेल्या ओव्हरप्रिंटचे. उरलेली तीन तिकिटे क्रीटची, वेगवेगळ्या किमतींची, न वापरलेली, मागे डिंक शाबूत असलेली, आणि तिन्हींवर ‘एपानास्तासिस १९२२’ उलटे. वर्णनात ‘अस्सल’ हा शब्द कोठेही नव्हता. तेथे लिहिले होते ते एवढेच, की ही तिकिटे आजोबांच्या जुन्या संग्रहातील आहेत, विक्रेता स्वतः जाणकार नाही, आणि जसे आहे तसे विकत आहे. याच आजोबांचा संग्रह त्याच्या इतर लिलावांतही होता, आणि त्यांनी पोर्तुगीज वसाहतींपासून ट्युनिशियापर्यंत जे जे जमवले त्यात साधे, सरळ ओव्हरप्रिंट जवळपास नव्हतेच. एवढा भाग्यवान संग्राहक माझ्या तरी पाहण्यात नाही.

विश्वास बसावा म्हणून एका तज्ज्ञ-प्रमाणपत्राचे छायाचित्र जोडलेले होते. प्रमाणपत्र बहुधा खरेच असावे, पण ते दुसऱ्याच तिकिटाचे होते. अशा प्रमाणपत्रावर तपासलेल्या तिकिटाचे छायाचित्र असते, आणि तुलना करायची ती ओव्हरप्रिंटची नव्हे, तर कडांची आणि चौकटीभोवतीच्या पांढऱ्या समासाची, कारण छापलेले अक्षर दुसऱ्या तिकिटावरही तसेच येऊ शकते, फाडलेली कड मात्र प्रत्येक तिकिटाची वेगळी असते. प्रमाणपत्रावरील तिकिटाचा खालच्या उजव्या कोपऱ्यातील कडेचा दात तुटका होता. माझ्या हाती आलेल्या तिकिटाचा तोच दात पूर्ण होता. लिलावाच्या पानावर तिकिटाचे चित्र इतके लहान ठेवले होते, की हा फरक पाकीट उघडेपर्यंत दिसण्यासारखा नव्हता.

तिकिटे मी आमच्या मंडळातील एका ज्येष्ठ संग्राहकांना दाखवली. ग्वाल्हेर, चंबा, नाभा अशा संस्थानांच्या ओव्हरप्रिंटवर त्यांनी अनेक वर्षे काम केले आहे, आणि त्या तिकिटांतही हाच धंदा चालत आला असल्यामुळे त्यांना ग्रीक वाचता येत नसूनही काही अडले नाही. “अहो, अक्षरं नंतर बघा, आधी शिक्का वाचा,” एवढेच ते म्हणाले. एका तिकिटावरील टपालाच्या शिक्क्यात गाव आणि तारीख स्पष्ट होती : पिरेउस, मे १९१२. ग्रीक आरमार लेम्नोसला पोहोचले ते त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये. येथे एक खबरदारी घ्यावी लागते. ग्रीसमध्ये फेब्रुवारी १९२३ पर्यंत जुनी जुलियन दिनदर्शिका चालू होती आणि शिक्क्यांवरील तारखा आपल्या तारखांपेक्षा तेरा दिवस मागे असतात, त्यामुळे थोडक्या दिवसांच्या फरकावरून कोणावर आरोप करणे योग्य नाही. पाच महिन्यांचा फरक मात्र कोणतीही दिनदर्शिका भरून काढू शकत नाही. शिवाय लेम्नोससाठी छापलेले तिकीट अथेन्सच्या बंदरात शिक्का खाऊन आलेले असणे, हीच मुळात विचारात पाडणारी गोष्ट होती.

बाकीच्या चारांवरील शिक्के अर्धवट होते, बहुधा तसेच निवडलेले. तेथे शाईंचा क्रम पाहावा लागला. ओव्हरप्रिंट आधी होते आणि शिक्का टपालघरात नंतर बसतो, म्हणून जेथे दोन्ही एकमेकांना छेदतात तेथे काळी शाई लालच्या वर दिसली पाहिजे. भिंगाखाली, दिवा बाजूने तिरका धरून पाहिल्यावर लाल अक्षर शिक्क्याच्या काळ्या कमानीवरून सलग गेलेले दिसले. काळ्या ओव्हरप्रिंटवर काळा शिक्का असेल तर ही परीक्षा अवघड जाते, आणि माझ्या मते केवळ याच कारणासाठी नवख्याने काळ्या ओव्हरप्रिंटची वापरलेली महाग तिकिटे टाळावीत. सरकलेल्या ओव्हरप्रिंटच्या तिकिटाने तर स्वतःच कबुली दिली. खरे ओव्हरप्रिंट पूर्ण तावावर होते आणि तिकिटे नंतर फाडली जातात, त्यामुळे फाटलेल्या दातांच्या टोकांवरील तंतू कोरे राहतात. येथे अक्षर जेथे कडेपर्यंत गेले होते तेथे त्या तंतूंनाही लाल शाई लागलेली होती. सुट्या तिकिटावर अक्षरे छापल्याशिवाय हे होत नाही.

क्रीटच्या तीन तिकिटांवर शिक्काच नव्हता, तेव्हा छपाई तपासली. धातूचे अक्षर-खिळे जुळवून केलेल्या छपाईत खिळ्याचा दाब कागदावर पडतो. तिकीट उलटे करून तिरक्या प्रकाशात धरल्यास अक्षरांचा किंचित उठाव बहुधा दिसतो, आणि समोरून पाहिल्यास दाबाने बाजूला सरकलेल्या शाईची गडद किनार अक्षराच्या कडेला असते. या तिकिटांच्या पाठी सपाट होत्या, किनार नव्हती, आणि जास्त शक्तीच्या भिंगाखाली अक्षरांच्या आजूबाजूला बारीक काळे चमकदार कण विखुरलेले दिसले. ती लेझर प्रिंटरची पूड होती. त्याहून बोलका पुरावा शब्दाच्या दुसऱ्या अक्षरात सापडला. ‘एपानास्तासिस’मधील ‘पी’ हे अक्षर दोन खांबांवर तुळई ठेवावी तसे दिसते, आणि तिन्ही तिकिटांवर त्याच्या डाव्या खांबाचा पाया एकाच ठिकाणी, सारखाच तुटलेला होता. तावातील प्रत्येक जागेसाठी शब्द वेगळा जुळवलेला असतो, त्यामुळे दोष जागेगणिक बदलतो. एकच जुळणी वेगवेगळ्या किमतींच्या तावांवर वापरलेली असू शकते आणि म्हणून एखाददुसरा दोष जुळणे अशक्य नाही. पण तिन्ही तिकिटे तावातील नेमक्या त्याच जागेवरची निघावीत, हे मानणे कठीण होते. कोणीतरी एका खऱ्या तिकिटाचे चित्र घेऊन तोच शब्द पुन्हा पुन्हा छापत होता.

गेल्या शतकाच्या आरंभी जिनिव्हात फ्रांस्वा फूर्निये तिकिटांच्या, ओव्हरप्रिंटच्या आणि शिक्क्यांच्या नकला करत असे. १९१७ मध्ये तो वारला आणि पुढे त्याचा साठा तेथील संग्राहकांच्या संघटनेने विकत घेऊन त्याचे नमुने आल्बममध्ये लावले, ते आजही तुलनेसाठी वापरतात. ती कामे कसबाची होती. आजच्या माणसाला कसब लागत नाही, कारण त्याचा भरवसा हिशेबावर आहे. प्रत्येक तिकीट साधारण पाच हजारांना पडले होते. लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीच्या तज्ज्ञ समितीकडे किंवा तशा दुसऱ्या संस्थेकडे आठ तिकिटे वेगवेगळी तपासायला पाठवायची, तर शुल्क, जाण्यायेण्याचे विमा असलेले टपाल आणि सीमाशुल्काची कागदपत्रे मिळून खर्च लॉटच्या किमतीच्या आसपास जातो. किंमत याच रेषेखाली ठेवलेली असते. परताव्याची मुदतही तशीच : ती पाकीट रवाना झाल्यापासून मोजली जात होती, आणि युरोपातून निघालेले पाकीट मुंबईच्या परदेशी टपाल विभागातून सुटून पुण्यात पोहोचेपर्यंत ती संपली होती. विक्रेत्याला मी सर्व छायाचित्रांसह लिहिले. आजोबा आता हयात नसल्यामुळे त्यांना विचारता येणार नाही, असे सौजन्यपूर्ण उत्तर आले. संकेतस्थळाने वर्णनातील ‘जसे आहे तसे’ या शब्दांवर बोट ठेवले आणि तक्रार बंद केली. पैसे ज्या कार्डाने भरले होते त्या बँकेकडील तक्रार अद्याप चालू आहे.

गेल्या आठवड्यात वेगळ्या खात्यावर क्रीटची आणखी काही उलट्या ‘एपानास्तासिस’ची तिकिटे विक्रीस लागली आहेत. या वेळी संग्रह काकांचा आहे. चित्रे पूर्वीइतकीच लहान आहेत, पण ती संगणकावर मोठी करून पाहिल्यास दुसऱ्या अक्षराचा डावा पाय खाली तुटलेला ओळखू येतो. बोली लावण्यापूर्वी विक्रेत्याकडे त्या अक्षराचे आणि तिकिटाच्या पाठीचे मोठे, तिरक्या प्रकाशातील छायाचित्र मागावे. मी दुसऱ्या खात्यावरून मागितले होते. उत्तर आले नाही.