अंगोरा सशांचा दुमजली पिंजरा: जाळी चोख, गव्हाण चुकीच्या जागी

सहा कप्प्यांचा, दोन मजल्यांचा, वेल्डमेशचा (वेल्डिंग केलेल्या तारजाळीचा) हा तयार पिंजरा ‘अंगोरासाठी खास’ म्हणून विकला जातो. सुटे भाग खोक्यातून येतात. दोन माणसं पक्कड घेऊन बसली की अर्ध्या दिवसात तो उभा राहतो आणि हलतही नाही. पण नीट निरखलं तर हा मांसाच्या सशाचाच पिंजरा, नाव तेवढं बदललेलं. न्यूझीलंड व्हाइट या मांसाच्या जातीला पिंजऱ्यात खाऊन वजन वाढवायचं असतं. अंगोराला अंगावरची लोकर दोन कातरणींमधले अडीच महिने स्वच्छ ठेवायची असते. सहा सेंटिमीटरहून लांब, पांढरी, सुटी लोकर पहिल्या प्रतीत जाते. मुताने पिवळी पडलेली, जट धरलेली, काडीकचऱ्याची लोकर शेवटच्या. चांगल्या निगराणीत एका कातरणीला दीडशे-दोनशे ग्रॅम हाती येते. त्यातली किती पहिल्या प्रतीत जाईल हे निम्मं तरी पिंजरा ठरवतो.

आधी चांगलं सांगतो. कप्पा 75 × 60 × 45 सेंमीचा आहे, म्हणजे साडेतीन-चार किलोच्या जर्मन अंगोराला ऐसपैस. एका कप्प्यात मोठा ससा एकच ठेवायचा. दोन ठेवले तर एकमेकांची लोकर चावतात आणि घासून घासून जटही होते. तळाची जाळी 12.5 × 25 मिमीची, 14 गेजची. कॅलिपरने मोजली तर तार 2 मिमी भरते. (स्वस्त संचात 16 गेज घालतात, ती 1.6 मिमीची असते आणि सशाच्या वजनाने झोळीसारखी लोंबते.) मुख्य म्हणजे जस्ताचा मुलामा तारांचं वेल्डिंग झाल्यावर दिलेला आहे. ओळखायचं कसं? तारांच्या जोडावर बोट फिरवा. तिथे जस्ताचा खरबरीत थर साचलेला लागला तर मुलामा नंतरचा. काळपट जळका ठिपका दिसला तर आधीचा. आधीच्या मुलाम्याची जाळी सशाच्या मुताने नेमकी त्या ठिपक्यांवर गंजते, आणि गंजलेल्या टोकात लोकर अडकते.

जोडणीच्या कागदावर एक गोष्ट लिहिलेलीच नाही. तळाच्या जाळीला दोन बाजू असतात. साडेबारा मिलिमीटरवरच्या, म्हणजे जवळजवळच्या तारा वर यायला हव्यात. उलटी बसवली तर सशाचा भार लांबलांबच्या थोड्या तारांवर पडतो आणि काही आठवड्यांत मागच्या पायांच्या टाचा सोलवटतात. जाळी बरोबर बसवली तरी प्रत्येक कप्प्यात 25 × 35 सेंमीची भोकांची प्लास्टिक फळी टाकावीच. साधी लाकडी फळी मूत पिऊन बसते. शिवाय 75 सेंमीच्या लांबीला मधे आधार दिलेला नाही. खालून 6 मिमीची गोल सळई आडवी बांधा; पट्टी नको, पट्टीवर लेंड्या साचतात.

आता गव्हाण. ही या पिंजऱ्याची सगळ्यात मोठी चूक. चाऱ्याची जाळीदार गव्हाण छताला लावली आहे. ससा मान वर करून ओढतो, आणि लसूणघासाची कोरडी पानं, गवताची कुसळं सरळ मानेवर व खांद्यांवर पडतात. अंगोराची उत्तम लोकर पाठीची आणि कुशीची, कचरा उतरतो तो तिच्यावरच. धुऊन तो निघत नाही, कारण बारा-चौदा मायक्रॉनच्या तंतूंत कुसळ रुतून बसतं. एकेक काडी हाताने वेचावी लागते, तेही कातायला बसलेल्या बाईला. मग चाराच बंद करावा आणि नुसत्या गोळी खाद्यावर ठेवावं, असा मोह होतो. तो टाळा. अंग चाटताना ससा लोकर गिळतो आणि त्याला ओकता येत नाही. आतडी हलती ठेवायला लांब धाग्याचा कोरडा चारा नसेल तर पोटात केसांचा गोळा धरतो. ससा खाणं सोडतो, लेंड्या बारीक होत जातात किंवा केसात ओवलेल्या माळेसारख्या पडतात. बऱ्याच ठिकाणी आठवड्यातून एक दिवस गोळ्या न देता फक्त चारा आणि पाणी देतात, ते याच कारणाने.

उपाय सोपा आहे. गव्हाण छतावरून सोडवा आणि दाराशेजारी बाहेरच्या बाजूला, सशाच्या खांद्याच्या उंचीवर टांगा. तोंड जाईल पण डोकं जाणार नाही एवढीच फट ठेवा. खाली अरुंद पन्हाळ लावली की गळलेला चारा बाहेर पडतो. सहा गव्हाणींना तासाभराचं काम आहे, मग ते बनवणाऱ्याने का केलं नाही हे कळत नाही.

गोळ्यांचं भांडं मात्र छान आहे. तळाला बारीक चाळण असल्याने भुकटी खाली झडते, नाकात जात नाही. रोजचं खाद्य दीडशे ते एकशेसत्तर ग्रॅम. कातरणीनंतर अंग उघडं पडतं तेव्हा भूक बरीच वाढते, तेव्हाचं जास्तीचं मापही त्यात मावतं.

पाण्याला निपल (चाटलं की पाणी सोडणारी तोटी) दिलेत, हे योग्यच. वाडग्यात तोंड घातलं की गळ्याची लोकर भिजते, चिकटते आणि खालची कातडी लाल होते. पण नळी वरच्या टाकीला थेट जोडली तर दाबाने निपल ठिबकतात आणि खालचा ससा रात्रभर ओला राहतो. पिंजऱ्यापाशी, निपलांहून दोन फूट उंचीवर, तरंगत्या झडपेची छोटी टाकी ठेवा. कुल्लू खोऱ्यात जानेवारीत नळीतलं पाणी गोठतं. रात्री नळी रिकामी करावी आणि सकाळी कोमट पाणी भरावं.

दोन मजल्यांमधला ट्रे तळाच्या जाळीपासून जेमतेम 6 सेंमी खाली आहे. लोकरीचे पुंजके लोंबतात, त्यांना लेंड्या चिकटतात आणि ते ढिगाला टेकतात. हे अंतर किमान 12 सेंमी करा, म्हणजे चारही पायांना जास्तीचे तुकडे जोडावे लागतील. ट्रे एक दिवसाआड रिकामा करावाच. नाकाला अमोनिया झोंबला तर सशाला तो कधीचाच झोंबलेला असतो, आणि शिंका-नाकगळतीची सुरुवात तिथूनच होते. जाळीला चिकटलेले केस घासून निघत नाहीत. ससे बाहेर काढून, मोकळ्या हवेत, ब्लोटॉर्चची ज्योत भरभर फिरवावी. एका जागी थांबली तर जस्त जळतं आणि त्याचा धूर घातक असतो.

महाराष्ट्रातून हा संच मागवणाऱ्यांसाठी: पिंजरा कितीही सुधारला तरी हवा सुधारत नाही. पारा तिशीपार गेला की अंगोरा धापा टाकू लागतो, नराची वीर्यक्षमता घटते, लोकर कमी येते. विदर्भ-खानदेशच्या मे महिन्यात तर तो जिवंत ठेवणंच अवघड. आपल्याकडे हाच पिंजरा, गव्हाण छतालाच ठेवून, मांसाच्या सशांना चालेल. अंगोरा पाळायचाच असेल तर आधी कुल्लूजवळ गडसा इथल्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेच्या केंद्रावर जनावरं प्रत्यक्ष पाहून यावीत.

शेवटचा भाग विण्याच्या पेटीचा. पेटी 40 × 30 × 30 सेंमीची, माप बरोबर आहे. ती गाभणपणाच्या सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या दिवशी आत ठेवायची. मादीने उपटलेली लांब लोकर तशीच राहू देऊ नका. ती पिल्लांच्या पायांना, मानेला गुंडाळली जाऊन फास बसतो. काढून घ्या, कात्रीने दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करा आणि परत घाला. घोळ एवढाच की कप्प्याचं दार 28 सेंमीचं आहे, त्यातून पेटी जात नाही. प्रत्येक वेताला छताच्या क्लिपा उचकटाव्या लागतात. पिंजरा जोडतानाच छताची एक बाजू क्लिपांऐवजी सैल कड्यांवर बसवा, म्हणजे ती झाकणासारखी उघडेल; खालच्या मजल्यावर त्यासाठी वरचा ट्रे आधी ओढून काढावा लागतो.